तारबाबूंनी उघडलेला हेडफोन

खोली भाड्याने देण्याआधी ते भाडेकरूकडून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घेत.

पांढुर्ण्यात त्यांच्या दारात मी उभी राहिले तेव्हा माझ्या यादीतल्या दोन खोल्या खोडून झाल्या होत्या. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा होता, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं घरमालकांना आठवलं होतं. इथे तो प्रश्न आलाच नाही. धोतर आणि बंडी घातलेले, उंच, काटकुळे गृहस्थ ओसरीवर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं आणि म्हणाले, "वाच."

मी संत्र्याच्या भावाची बातमी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. अर्ध्या रकान्यावर त्यांनी हात वर केला.

"शेवटचा शब्द गिळत नाहीस. घे खोली. पण एक सांगून ठेवतो, या घरात फुटका आवाज चालणार नाही."

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "घाबरू नको वं बाई. यायले माणूस फुटका चालते, आवाज नाही चालत."

फुटका आवाज म्हणजे काय, ते पंधरा दिवसांत समजलं. दर रविवारी ते घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालत. एक चांगली बादली त्यांनी फक्त तिची कडी किरकिरते म्हणून देऊन टाकली. भाजीवाल्या बाईच्या तराजूची साखळी खडखडायची, तर तिला स्वतः नवी दोरी बांधून दिली. रेडिओच्या खाली घडी घातलेला टॉवेल आणि मागे उशी असे. त्याशिवाय बातम्यासुद्धा ऐकायच्या नाहीत.

ते रेल्वेतले निवृत्त तारबाबू होते. तिगाव आणि आजूबाजूच्या लहान स्टेशनांवर त्यांचं आयुष्य गेलं. तारेच्या यंत्रातून नुसती टकटक यायची, एक लांब, एक आखूड, आणि त्यावरून अक्षरं ओळखून कागदावर उतरवायची. बाहेर मालगाडी धडधडत असायची, शेजारी मास्तर कोणावर तरी ओरडत असायचे, आणि त्यातून ती टकटक वेगळी काढायची. यंत्राच्या मागे त्यांनी तंबाखूचा एक रिकामा डबा अडकवला होता, म्हणजे आवाज खणखणीत यायचा. कोणत्या तंबाखूचा डबा चांगला, डबा किती वाकडा ठेवायचा, यावर ते अर्धा तास बोलू शकत. "माझा कान" हे दोन शब्द ते असे उच्चारत, जसे दुसरे लोक "माझं शेत" म्हणतात.

आता माझं सांगते. मी तहसील कार्यालयात तात्पुरती टंकलेखिका होते. कायम व्हायचं तर लघुलेखनाची परीक्षा पास होणं भाग होतं. ती छिंदवाड्याला व्हायची आणि, मध्य प्रदेश असल्यामुळे, हिंदीत. एकदा मी नापास झाले होते. दुसऱ्यांदा झाले तर नोकरी संपणार आणि मी परत लोधीखेड्याला जाणार, हे ठरलेलं होतं. बाबा तिथे पाण्याच्या पंपावर कामाला होते. मला शिकवण्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं, याची यादी मी कधी कागदावर केली नाही. ती पाठ होती.

सरावासाठी नागपूरच्या एका शिक्षकांच्या आवाजातल्या कॅसेटी मिळाल्या. टेप लावला की घरमालक कपाळाला हात लावत. म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून मी खांद्याला अडकवायचा लहान टेप आणि त्याच्याबरोबरचा सगळ्यांत स्वस्त हेडफोन आणला. पातळ पत्र्याची पट्टी, दोन प्लास्टिकच्या वाट्या, त्यावर काळा स्पंज. कानाला लावला की शिक्षक विहिरीत उतरून बोलताहेत असं वाटायचं. लघुलेखनात प आणि ब, त आणि द यांची रेघ एकच असते, एक पातळ आणि एक जाड. ते वेगळे ऐकूच आले नाहीत तर हात काय काढणार? एका उताऱ्यात माझ्या वीस-बावीस चुका होत होत्या.

एक दिवस त्यांनी हेडफोन मागितला. कानाला लावला, आणि चेहरा असा केला जणू दुधात माशी पडली.

"हे ऐकून राहिली तू? यानं तर शहाणा माणूस येडा होईन. ठेव इथं."

"काकाजी, परीक्षेला पाच आठवडे राहिले. मोडला तर दुसरा घ्यायला..."

"मोडत नाही. आधी ऐकायचं, मंग उघडायचं. लोक आधी उघडतात."

दोन दिवस त्यांनी तो नुसता ऐकला. एकच कॅसेट, एकच उतारा, सिंचन विभागाचा. मग जुन्या हिशेबाची एक कोरी वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे काय बदललं ते, उजवीकडे काय ऐकू आलं ते. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर कोणत्यानं काय झालं ते कळत नाही, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. माझ्या आजच्या सगळ्या याद्यांचं मूळ त्या वहीत आहे. ऑफिसातल्या मुली हसतात माझ्या याद्यांना, हसू देत.

पहिला शोध जबरदस्त होता. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "आवाज डोक्याच्या मधात बसून नाही राहिला. दोन्ही कानांच्या मागं पळून राहिला. एका बाजूच्या तारा उलट्या लावल्या आहेत." वाटी उघडली. पडद्यामागचे केसासारखे दोन बारीक धागे त्यांनी शेगडीवर तापवलेल्या तांब्याच्या सळईने सोडवले आणि अदलाबदल करून पुन्हा डाग दिला. मी कानाला लावलं आणि ओरडलेच. शिक्षक विहिरीतून वर आले होते आणि माझ्या कपाळाच्या मागे बसून बोलत होते. कारखान्यातल्या कोणाचा तरी हात चुकला होता, आणि पांढुर्ण्यातल्या एका म्हाताऱ्याने तो नुसता ऐकून पकडला.

दुसऱ्या बदलात त्यांनी आपली काळी फेल्टची टोपी कापली. चांगली टोपी. त्यातून दोन गोल चकत्या काढल्या आणि वाटीच्या तळाला चिकटवल्या, म्हणजे आवाज प्लास्टिकवर आपटून परत येणार नाही.

काकू म्हणाल्या, "लग्नाची टोपी होती ती."

"टोपी डोक्यालेच आहे ना? आता हिच्या डोक्याले लागली."

"मंग पुढच्या बारीनं धोतर कापा. सारं गाव ऐकन."

त्यानंतर वाटीत कापूस भरायचा होता. दुकानातला दाबलेला कापूस त्यांना चालेना. शेजाऱ्याच्या शेतातून बोंडाचा कापूस आणला, सरकी हाताने काढली, धागा धागा मोकळा केला. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. चुका बारावर आल्या.

मग एक दिवस त्यांनी स्पंज काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी वाटीच्या पुढच्या जाळीला तापल्या सुईने आणखी भोकं पाडली. "अजून मळका आहे," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी थोडा कापूस काढला. "अजून मळका आहे." चौथ्या दिवशी पुन्हा भोकं. प्रत्येक वेळी ते खूश होत, आणि प्रत्येक वेळी मला जास्त वाईट ऐकू येई. स, श, च कानात सुईसारखे टोचत. मागे कॅसेटची सरसर इतकी वाढली की शब्द तिच्यात बुडायला लागले. डोकं दुखायचं. चुका पुन्हा अठरा.

आणि मी काय केलं? वहीच्या उजव्या रकान्यात त्यांनी विचारलं की मी लिहीत गेले, "साफ." दुसऱ्या दिवशी "आणखी साफ." ज्या माणसाने आडनाव न विचारता खोली दिली, माझ्यासाठी टोपी कापली, त्याला कसं सांगायचं? अशी आठ दिवसांची खोटी नोंद माझ्या अक्षरात झाली. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

रविवारी त्यांचे जुने दोस्त, तिगावचे निवृत्त स्टेशनमास्तर, पॅसेंजरने येत. त्या रविवारी घरमालकांनी हेडफोन त्यांच्यापुढे ठेवला, जसे लोक मुलाची पदवी दाखवतात.

"ऐका मास्तर. बोला आता, कोणाचा कान?"

मास्तरांनी ऐकलं, मान हलवली. "बढिया आहे बाप्पा. फक्त मागं काहीतरी तळून राहिलं."

"काय तळून राहिलं? काही नाही तळून राहिलं."

"येऊन राहिला ना आवाज. चर्र चर्र."

"तुमचा कान गेला मास्तर. इंजिनाच्या शिट्ट्यांनी गेला." ते काकूंकडे वळले. "तू ऐक. तुले कोणता आवाज येते?"

काकूंनी पदराने हात पुसून हेडफोन लावला. थोडा वेळ ऐकला. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "येते ना. भजे तळल्यासारखा."

आता सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी वहीकडे पाहत होते.

"पोरी, तुले?"

"येतो, काकाजी."

"कधीपासून?"

"स्पंज काढला तेव्हापासून."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, मग दुसऱ्या कानाला. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं झाले, तुम्ही त्या घड्याळवाल्याकडं चकरा मारून राहिले. घड्याळ बंद पडते म्हणता. घड्याळ चांगलं चालते. तुम्हाले टिकटिक येत नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"कशी सांगू? तुम्ही तर त्या बिचाऱ्याले शिव्या देऊन राहिले होते."

मास्तरांनी चहा संपवला आणि गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. गाडीला अजून तास होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं, झालं. हेडफोनला स्पंज नाही, जाळीला भोकंच भोकं. परीक्षेपर्यंत तो तसाच राहणार, आणि चूक माझी. आठ दिवसांपूर्वी एक शब्द खरा लिहिला असता तर त्यांचं हसं मास्तरांपुढे झालं नसतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले तर ते ओसरीवर वही घेऊन बसलेले.

"बस. दोन मिनिटं."

मी बसले. त्यांनी माझ्या अक्षरातले ते "साफ" बोटाने दाखवले.

"हे खोटं लिहिलं तू."

"हो."

"काहून?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"तारेवर समोरचं स्टेशन बोलते आहे, अन् मले एक शब्द आला नाही. मी काय करतो? पुन्हा मागतो. दहा वेळा मागतो. समोरचा शिव्या देते, देऊ दे. त्यात लाज नाही. मी अंदाजानं लिहिलं ना, तर एका रुळावर दोन गाड्या येतात." ते थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता मीच दोन वर्षं अंदाजानं ऐकून राहिलो होतो. तर तुले काय बोलू."

त्यांनी त्या आठ दिवसांच्या नोंदींवर आडवी रेघ मारली आणि वही माझ्या बाजूला सरकवली.

"आजपासून कान तुझा, हात माझा. पण खरं सांगायचं. भलं मले रडू आलं तरी."

पुढचे दहा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी चहानंतर अर्धा तास. ते चिमटीने कापसाचा एक पेरभर पुंजका टाकत आणि माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी म्हणे, "सरसर कमी झाली, पण त आणि द जवळ आले." ते लिहीत, अर्धा पुंजका काढत, पुन्हा बघत. एकदाही म्हणाले नाहीत, "नीट ऐक." एकदाही म्हणाले नाहीत, "असं होऊच शकत नाही." चाळीस वर्षं ज्या कानाची त्यांनी घमेंड केली तो बाजूला ठेवून ते एका बावीस वर्षांच्या मुलीच्या कानावर काम करत होते. जास्तीची भोकं आतून चिकटपट्टीने एकेक करून बुजवली. काळा स्पंज पुन्हा लावला, पण तो जाड होता, म्हणून काकूंनी आपल्या जुन्या मलमलच्या लुगड्याचा तुकडा दिला आणि स्पंजाच्या जागी त्याची दुहेरी टोपडी स्वतः शिवून दिली. "टोपी तुमची, टोपडं माझं," म्हणाल्या. शेवटी पत्र्याची पट्टी थोडी आत वाकवली, म्हणजे वाट्या कानावर नीट बसतील आणि आवाज बाजूने गळणार नाही. एवढ्या वाकवण्याने आवाजाला जो भरीवपणा आला तो बाकी कशाने आला नव्हता. आजही कोणाचा स्वस्त हेडफोन कुरकुरत असेल तर मी आधी तो कानावर नीट बसतो का ते पाहते.

चुका सहावर आल्या, मग चार, मग तीन.

मधला एक रविवार चुकवून त्यानंतरच्या रविवारी मास्तर आले. मला वाटलं, घरमालक विषय टाळतील. पण मास्तरांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "मास्तर, तुमचं बरोबर होतं. माझा वरचा आवाज गेला. पक्ष्याचा येत नाही, घड्याळाचा येत नाही. या हेडफोनचं काम हिच्या कानानं झालं. मी नुसता मजूर."

मास्तर गडबडले. "असू दे ना, वयच आहे."

"वयाचं काय त्यात? येत नाही म्हणजे येत नाही. तुम्ही बोलताना तोंड इकडं करत जा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावायला लागल्या. घरमालकांनी त्या दिवशी भांड्यांवरून एक शब्दही काढला नाही.

त्यानंतर ते सगळ्यांनाच तसं सांगत. दूधवाल्याला, पोस्टमनला, घड्याळवाल्याला तर मुद्दाम जाऊन. "तुझं घड्याळ चांगलं होतं, माझा कान बंद होता," असं सांगून आले. मी तोपर्यंत अशी मोठी माणसं फार पाहिली होती की ज्यांना ऐकू येत नाही, दिसत नाही, एखादं काम येत नाही, पण कबूल करायचं नाही म्हणून सगळं घर त्यांच्याभोवती खोटं बोलत असतं. असा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

परीक्षा छिंदवाड्याच्या एका शाळेच्या लांबलचक हॉलमध्ये झाली. माझा नंबर शेवटून तिसऱ्या बाकावर. वाचणारे साहेब वयस्क होते. ते टेबलाशी उभे राहून कागदात तोंड घालून वाचत. खऱ्या उताऱ्याआधी सरावासाठी एक मिनिट वाचतात, ते त्यांनी वाचलं. माझ्यापर्यंत निम्मे शब्द आलेच नाहीत. डावीकडे पाहिलं, एक मुलगा पेन्सिल धरून शून्यात बघत होता. उजवीकडच्या बाई लिहीत होत्या, पण हात शब्दांच्या मागे मागे, अंदाजाने.

मी उभी राहिले.

"सर, पीछे सुनाई नहीं दे रहा है."

सगळा हॉल वळला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "परीक्षा देने आई हो या भाषण सुनने?"

पुढच्या बाकांवर हसू फुटलं. पहिल्या परीक्षेतली मी असते तर तिथेच बसले असते.

"सर, अंदाज़ से लिखूँगी तो गलत लिखूँगी. आप बीच में आकर पढ़ दीजिए."

मग साहेबांनी कागद उचलला, चालत हॉलच्या मधोमध आले, आणि म्हणाले, "अब?" मी म्हटलं, "अब ठीक है, सर." उतारा सुरू झाला.

निकाल दीड महिन्याने लागला. मी पास झाले आणि सौंसरच्या तहसील कार्यालयात कायम झाले. लोधीखेड्याला कळवलं तेव्हा बाबा पंप चालू ठेवून तसेच निघाले आणि पहिल्या बसने आले, ती गोष्ट वेगळी. पण घरमालकांसाठी निकाल परीक्षेच्या संध्याकाळीच लागला होता. मी बसमधून उतरून थेट ओसरीवर आले. काकू म्हणाल्या, "कसा गेला पेपर?" ते म्हणाले, "वाचणारा कुठं उभा होता?"

मी सगळं सांगितलं, त्यांच्याकडे तोंड करून, शेवटचा शब्द न गिळता.

"तुझ्याआधी कोणी उठलं?"

"नाही."

"मागं किती लोक होते?"

"तीन बाक. बारा-चौदा जण असतील."

त्यांनी मान हलवली. लघुलेखनाचं, नोकरीचं, माझ्या चुकांचं काहीच विचारलं नाही. मग एकदम चेहरा उजळला आणि मांडीवर थाप मारून काकूंना म्हणाले,

"ऐकलं का? मंग त्या साऱ्याइले ऐकू आलं असंन!"